आवाजाचा नकाशा कोणी काढायचा?

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं उडायला लागली आणि आमच्या घरातला एक वाद पुन्हा पेटला. वाद घालणारे दोघे. एक माझे मामा. नगररचना खात्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले आणि आता सासवडला राहतात. विकास आराखडे, हरकती-सूचना, सुनावण्या यांतच त्यांचं आयुष्य गेलं. दुसरी माझी मावसबहीण, आमची ताई. ती विमानतळालगतच्या उलव्यात राहते आणि जवळच्याच एका शाळेत शिकवते. मामांचं म्हणणं असं की विमानाचा मार्ग, त्याच्या वेळा आणि आवाज हे तज्ज्ञांचं काम आहे, तिथे गर्दी करून चालत नाही. ताईचं म्हणणं, ज्यांच्या डोक्यावरून विमान जाणार त्यांना विचारल्याशिवाय नकाशावर रेघ मारूच नये. मी ताईच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण मामांचे काही प्रश्न असे आहेत की त्यांना उत्तर दिल्याखेरीज ताईची बाजू उभी राहत नाही. म्हणून दोघांचं बोलणं झालं तसं मांडतो आहे.

मामा : आधी एक सांग. तुला विमानतळ नको आहे का?

ताई : हवा आहे, मामा. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे दादा-ताई तिथे नोकरी लागायची वाट बघताहेत. पण परवाचंच सांगते. आठवीला शुद्धलेखन घालत होते. वाक्याच्या मध्यावर विमान आलं. मी थांबले. ते गेल्यावर पुढे सांगायला लागले, तर मागच्या बाकांवरून हात वर. ‘बाई, परंतुच्या पुढचं ऐकू नाही आलं.’ मग पुन्हा पहिल्यापासून. सध्या एकच धावपट्टी चालू आहे. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. ती पुढे ९ कोटींवर न्यायची आहे, दुसरी धावपट्टी व्हायची आहे. तेव्हा मी शुद्धलेखन कसं घालायचं?

मामा : त्यासाठी मर्यादा ठरवून दिलेली आहे. २०१८ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने विमानतळांच्या परिसरासाठी वेगळी मानकं काढली. वर्षाला ५० हजारांहून जास्त विमानांची ये-जा असेल तिथे दिवसा ७० डेसिबल, रात्री ६५. बाकीच्या विमानतळांना दिवसा ६५, रात्री ६०. यंत्र लावायचं, मोजायचं. मर्यादा ओलांडली तर जाब विचारायचा. नसेल ओलांडली तर विषय संपला.

ताई : तिथेच तर गोम आहे. साध्या निवासी वस्तीला हीच मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. विमानतळ आला की त्याच घराला जास्त सोसायला सांगितलं जातं. आणि हे आकडे सरासरीचे आहेत. कागद घ्या. सकाळी ६ ते रात्री १०, सोळा तास. समजा माझ्या शाळेवरून दिवसात १०० विमानं गेली, म्हणजे दर नऊ-दहा मिनिटांनी एक. प्रत्येकाचा आवाज ७५ डेसिबल आणि तो २० सेकंद टिकला. बाकीचा वेळ शांत धरा. आता सोळा तासांची सरासरी काढा.

मामा : (आकडेमोड करून) साधारण ६० येते.

ताई : म्हणजे कायद्यात बसलं. आता विमानं दुप्पट करा. दर पाच मिनिटांनी एक.

मामा : ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. ६३.

ताई : तेही ६५ च्या आत. दर पाच मिनिटांनी माझं वाक्य तुटतंय, आणि कागदावर मात्र तक्रारीला जागाच नाही. रात्रीचंही असंच. झोप सरासरीने मोडत नाही, एकेका विमानाने मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच २०१८ साली युरोपसाठी शिफारस केली की विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या खाली ठेवावा. आपल्याकडे ६० आणि ६५. मग कोणत्या आकड्याला सहन करण्याजोगं म्हणायचं, दिवसाची सरासरी धरायची की किती वेळा व्यत्यय आला ते मोजायचं, हे कोणी ठरवलं? तज्ज्ञांनी. हे मोजमापाचं काम नाही, मामा. माणसाने काय सोसावं याचा हा निवाडा आहे, आणि तो सोसणाऱ्याला न विचारता झाला.

मामा थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. गणित त्यांना नवं नव्हतं. पण सरासरीच्या आत वर्गाचं काय होतं, हे त्यांनी तसं मांडून कधी पाहिलं नव्हतं, असं ते नंतर मला म्हणाले. मला इथे म्युनिकची गोष्ट घालावीशी वाटते, कारण शाळेच्या बाबतीत इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. मे १९९२ मध्ये म्युनिकचा रीममधला जुना विमानतळ बंद झाला आणि शहराबाहेरचा नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांच्या चाचण्या या बदलाच्या आधीपासून घ्यायला सुरुवात केली होती. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घ काळ लक्षात ठेवण्याची क्षमता मागे पडली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची सुधारली. आवाज गेला की मूल सावरतं, हे त्यातून कळलं. त्यामुळे उपाय करण्यात अर्थ आहे.

मामा : ठीक. त्रास खरा आहे, हे मी मान्य करतो. पण त्रास खरा आहे म्हणून लोकांना आराखड्यात बसवायचं, हे कसं निघालं? लंडनच्या हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलची जाहीर चौकशी बघ. १९९५ ला सुरू झाली, १९९९ ला संपली. सुनावणीचे दिवस ५२५. टर्मिनल उघडलं २००८ साली. एवढा वेळ आपल्या देशाला परवडेल?

ताई : त्या ५२५ दिवसांतून काय निघालं तेही सांगा ना. टर्मिनलला परवानगी देताना अट घातली की हीथ्रोवर वर्षाला ४ लाख ८० हजारांहून जास्त विमानांची ये-जा होणार नाही. ती मर्यादा आजही लागू आहे. आमच्या विमानतळाला अशी संख्येची अट कुठे आहे? मला ५२५ दिवस नकोत. नकाशा पक्का होण्याआधीचे थोडे दिवस हवेत.

मामा : आपल्याकडेही सुनावणी होतेच की. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे विमानतळासारख्या प्रकल्पाला जनसुनावणी घ्यावी लागते. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष. इतिवृत्त तिथल्या तिथे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. मी अशा किती सुनावण्यांना बसलोय. काय होतं माहितीये? एक जण मोबदल्यावर बोलतो, एक नोकरीवर, एक पुढाऱ्यावर घसरतो. आवाजावर एक माणूस बोलत नाही.

ताई : कसा बोलेल? मराठीत मिळतो तो सारांश. जाडजूड अहवाल इंग्रजीत. त्यात सारख्या आवाजाच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात, त्या माझ्या घरावरून जातात की बाजूने, हे मला कळायला गावाचा नकाशा, त्यावर शाळा, देऊळ, दवाखाना दाखवलेला हवा. मुळात त्या दिवशी विमान कुठे असतं? धूळ दिसते, सुरुंग ऐकू येतो, जमीन जाताना दिसते. विमानाचा आवाज यायला आणखी पंधरा वर्षं असतात. न ऐकलेल्या आवाजावर माणूस काय बोलणार? परदेशात काही ठिकाणी लोकांना खोलीत बसवून उद्याचा आवाज आजच ऐकवतात. ते आपल्या समाजमंदिरात का नाही करता येणार?

इथे मला ताईच्या बोलण्यात थोडी भर घालायची आहे. नवी मुंबईचे भूमिपुत्र गप्प बसणारे कधीच नव्हते. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली ही त्यांतलीच. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. गावकऱ्यांनी भांडून साडेबावीस टक्के भूखंड मिळवले. २०२१ साली विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले. जमिनीसाठी आणि नावासाठी एवढी ताकद लावणाऱ्या समाजाला आवाजाबद्दल मत नव्हतं, असं मी मानणार नाही. त्याच्यासमोर तो प्रश्न कोणी ठेवलाच नाही. आणि ज्या वडघर-वहाळला पुनर्वसन झालं, ते विमानतळापासून असं किती लांब आहे?

मामा : बरं, समज लोकांना बसवलं. आता माझा खरा आक्षेप ऐक. विमान हवेत विरघळत नाही. धावपट्टीची दिशा वारा ठरवतो. मार्ग इकडून काढला की तिकडून जातो. मग टेबलावर कोण जिंकतं? ज्याच्याकडे वकील आहे, ज्याला इंग्रजी येतं, ज्याची सोसायटी चाळीस मजल्यांची आहे, तो. आवाज गरिबाच्या वस्तीवर ढकलला जातो आणि त्याला लोकसहभाग म्हणतात. मी हे रस्त्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. बंगल्यांपुढची रेघ हलते, झोपडपट्टीपुढची हलत नाही. तज्ज्ञ निदान कुणाचा शेजारी नसतो.

ताई : हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, मामा. पण तज्ज्ञाने एकट्याने ठरवलं की गरीब वाचतो, हे कुठे दिसलं? अमेरिकेत फिनिक्सला २०१४ साली उपग्रहाच्या मदतीने नवे मार्ग आखले. पूर्वी विमानं थोडी पसरून जायची, आता एकाच रेघेवरून जायला लागली. खाली राहणाऱ्यांना पत्ताच नाही. शहर कोर्टात गेलं आणि २०१७ साली न्यायालयाने म्हटलं, हा निर्णय मनमानी आहे. तज्ज्ञाने इंधन वाचवलं, वेळ वाचवला. त्याच्या हिशेबात खालची माणसं नव्हती, कारण त्याला ती दिसतच नव्हती. आणि टेबलावर श्रीमंत जिंकतो म्हणून टेबल मोडायचं का? वडघरच्या माणसाला तिथे खुर्ची द्या, त्याच्या बाजूने आवाजाचं गणित मांडणारा माणूस सरकारी खर्चाने द्या. मग ढकलण्याऐवजी वाटून घ्यायची भाषा सुरू होते. हीथ्रोला रोज दुपारी ३ वाजता धावपट्ट्यांची अदलाबदल करतात. अर्धा दिवस आवाज यांच्यावर, अर्धा दिवस त्यांच्यावर. आपली शांतता किती वाजता सुरू होणार, हे लोकांना आधी माहीत असतं. आमच्याकडे दोन समांतर धावपट्ट्या होणार आहेत. असं वेळापत्रक तुमचा तज्ज्ञ स्वतःहून काढेल?

मामा : नाही काढणार. त्याला कोणी सांगितलं तर काढेल.

ताई : तेच म्हणते आहे मी.

मामा : पण टेबलावर ठरलेलं पाळलं जातं का? फ्रांकफुर्टचं नाव तुम्ही लोक घेता. तिथे काय झालं?

ताई : सगळं सांगते, आमच्या सोयीचं नाही तेही. तिथे पश्चिमेच्या धावपट्टीसाठी जंगल तोडायचं ठरलं, तेव्हा लोक झोपड्या बांधून जंगलात राहिले. १९८१ साली पोलिसांनी झोपड्या उठवल्या. १९८४ साली धावपट्टी सुरू झाली. १९८७ साली तिथल्याच एका निदर्शनात दोन पोलीस गोळ्या लागून मेले. पुढच्या धावपट्टीची वेळ आली तेव्हा हेसन राज्याच्या सरकारला हे आठवत होतं. म्हणून १९९८ मध्ये मध्यस्थी सुरू झाली. विमानतळ, विमान कंपनी, आसपासच्या नगरपालिका एकत्र बसल्या. पुष्कळ नागरी गटांनी बहिष्कार घातला, तेही खरं. २००० च्या सुरुवातीला तोडगा निघाला. नवी धावपट्टी बांधा, पण रात्री ११ ते पहाटे ५ विमानं बंद.

मामा : आणि २००७ साली सरकारने रात्रीच्या १७ उड्डाणांना परवानगी देऊन टाकली. शब्द फिरवला.

ताई : फिरवला. पण तोडगा लिहिलेला होता, म्हणून लोकांना बोट ठेवायला जागा होती. ऑक्टोबर २०११ मध्ये धावपट्टी सुरू व्हायच्या तोंडावर कासेलच्या न्यायालयाने रात्रीची उड्डाणं थांबवली. २०१२ साली लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. रात्र आजही बंद आहे. पण लगेच सगळं गोड झालं नाही. धावपट्टी सुरू झाल्यावर शेजारच्या फ्लोर्सहाइममध्ये विमानाच्या मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांनी घरांवरची कौलं उडाली. मग कौलं एकेक करून पक्की बसवायचा कार्यक्रम काढावा लागला. लोक दर सोमवारी टर्मिनलमध्ये जमून निदर्शनं करायचे. तेव्हा मी असं म्हणत नाही की टेबल मांडलं की भांडण मिटतं. भांडण गोळीवरून कागदावर आलं, एवढं नक्की.

मामा : म्हणजे सहभाग नुसता पुरेसा नाही. ठरलेलं परवानगीच्या अटीत उतरलं पाहिजे.

ताई : हे तुम्ही म्हणालात म्हणून बरं. मी म्हटलं असतं तर आंदोलक म्हणाला असतात.

मामा : (हसून) मी आयुष्यभर अटीच लिहिल्या. पण आता माझी एक अडचण सोडव. लोक मागून येतात. पुण्याचा लोहगावचा हवाई तळ १९३९ सालचा. तेव्हा भोवती माळ होता. पुणं त्याच्या अंगावर जाऊन बसलं. विमाननगरात फ्लॅट घ्यायचा आणि मग विमानाचा आवाज येतो म्हणायचं, याला काय अर्थ? तूही उलव्यात घर घेतलंस ते विमानतळ येणार हे माहीत असून.

ताई : घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं, विमानतळ दहा मिनिटांवर. आवाजाची रेषा माझ्या इमारतीवरून जाते की नाही, हे सांगणारा एक कागद कुणी दाखवला नाही, आणि मागायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मामा, विमानतळाजवळ इमारत किती उंच बांधायची याचा रंगीत नकाशा असतो ना? त्याच्याशिवाय परवानगी मिळत नाही.

मामा : मिळत नाही. एक मीटर जास्त गेलं तरी अडकतं.

ताई : कारण विमानाला धोका होतो. तसाच आवाजाचा नकाशा बांधकाम परवानगीला का जोडलेला नाही? या पट्ट्यात शाळा नको, इथे रुग्णालय नको, इथे गोदामं चालतील, आणि घर विकणाऱ्याने करारात आवाजाचा पट्टा लिहून द्यायचा. हे तर तुमच्या खात्याचं काम होतं.

यावर मामांनी वाद घातला नाही. जमिनीचा वापर ठरवताना आवाजाचा विचार करावा, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ पासून सांगितलेल्या चार मार्गांपैकी एक आहे, हे त्यांनीच मला नंतर समजावलं. बाकीचे तीन म्हणजे विमानं कमी आवाजाची करणं, उड्डाणाच्या पद्धती बदलणं आणि शेवटी वेळांवर बंधन घालणं. मला वाटतं, या चारांपैकी जमिनीचा मार्ग आपल्या हातात सगळ्यात जास्त आहे आणि तोच आपण सगळ्यात आधी गमावतो, कारण विमानतळाची बातमी आली की भोवतालच्या भूखंडांचे भाव चढतात आणि मग शाळेची जागा हलवायला कुणी तयार होत नाही. युरोपातला आणखी एक उपाय इथे तसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे घरांना दुहेरी काचांच्या खिडक्या बसवून देतात. कोकणच्या उकाड्यात एप्रिल-मे महिन्यात खिडक्या बंद करून तीस-चाळीस पोरांचा वर्ग कसा भरवायचा? तिथे खिडकीबरोबर पंख्याचा, वातानुकूलनाचा आणि त्याच्या वीजबिलाचा विचार करावा लागेल. हे दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या सल्लागाराला सुचणार नाही. त्या वर्गात शिकवणाऱ्या बाईला लगेच सुचतं.

मामा : उलव्याचं आता बरंचसं होऊन गेलंय. दुसऱ्या धावपट्टीच्या आधी काही करता आलं तर बघा.

ताई : ते बघतोच आहोत. पण तुमच्या पुरंदरचा विमानतळ तर अजून कागदावर आहे. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. या सात गावांत आज बोलणं कशावर चाललंय?

मामा : जमिनीवर. दुसरं कशावर चालणार? २०२५ साली ड्रोनने मोजणी करायला गेले तेव्हा गावकरी आणि पोलिसांत केवढी झटापट झाली. ज्याची अंजिराची बाग जाणार त्याला तू डेसिबल सांगायला जाणार का?

ताई : त्याला नाही. त्याचा लढा वेगळा आहे आणि तो आधीचा आहे, त्यात मी मध्ये पडणार नाही. पण ज्यांची जमीन जाणार नाही, फक्त आभाळ जाणार, त्यांचं काय? सात गावांच्या बाहेरच्या गावांना कोणी नोटीसही देणार नाही, कारण त्यांचा सातबारा हलत नाही. विमान मात्र त्यांच्यावरूनच उतरणार. त्यांची नावं आज कुणाच्या यादीत आहेत? तुमच्या सासवडचं तरी आहे का?

मामा : नाही. (थोडं थांबून) यादी करता येईल. धावपट्टीची दिशा कळली की दोन्ही टोकांपासून सरळ रेषेत दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतची गावं काढायची. शाळा, दवाखाने मांडायचे. हे मला येतं.

ताई : मग ते काढा, आणि तो नकाशा ग्रामसभेत लावू. मराठीत. संख्येसकट, वेळेसकट. सरासरीच्या शेजारी ‘दिवसातून इतक्या वेळा’ असाही रकाना ठेवू.

मामा : आणि रात्रीचं? मी आत्ताच सांगतो, रात्र पूर्ण बंद मिळणार नाही. मालवाहू विमानं रात्रीच येतात. मागायचंच तर मध्यरात्री १ ते पहाटे ५ मागा. मिळण्यासारखं मागावं.

ताई : तो आकडा आपण दोघांनी इथे बसून ठरवायचा नाही. नाहीतर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

मामा : आणि गावकरी म्हणाले, आमच्या पोरांना नोकऱ्या द्या, विमानं रात्रभर उडू देत, तर?

ताई : तर तेही लिहून घ्यायचं, त्यांच्याच शब्दांत. फक्त विचारण्याआधी मघाचं गणित त्यांना मांडून दाखवायचं.